हृदयाची झडप : इको तपासणी आणि नोंदवही

हृदयातील झडपा रक्ताला एकाच दिशेने वाहू देतात. बालपणी स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा सुजतो आणि काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन एकेक सांधा सुजतो. सांधे बरे होतात. झडपेवर मात्र व्रण राहू शकतो. यालाच ऱ्हुमॅटिक हृदयविकार म्हणतात. हा ताप मुख्यतः ५ ते १५ वर्षे वयात येतो, परंतु झडप आखडल्याचे पुष्कळदा विशी-तिशीत, विशेषतः स्त्रियांना गरोदरपणी धाप लागल्यावरच कळते. मधल्या वर्षांत धोका ओळखता येईल काय, हे आपण समजून घेऊ.

१. चित्राचे साह्य

हरियाणातील बल्लभगड भागात ६,२७० शाळकरी मुलांची तपासणी झाली. २०११ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ स्टेथोस्कोपने हजारी एकाहूनही कमी मुलांत दोष आढळला. टूडी इकोने तेच प्रमाण हजारी सुमारे २० भरले. जे कानाला ऐकू येत नाही, ते ध्वनिलहरींच्या चित्रात दिसते.

तथापि, चित्रात दिसलेला प्रत्येक सौम्य दोष वाढतोच असे नाही. युगांडातील अभ्यासात अशा मुलांपैकी काहींना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले गेले. दोन वर्षांनंतर इंजेक्शन घेतलेल्या ३९९ पैकी ३ मुलांत, तर न घेतलेल्या ४०० पैकी ३३ मुलांत दोष वाढलेला दिसला. म्हणजे उपचाराविनाही बहुतेकांचा दोष दोन वर्षांत वाढला नाही. पण ज्यांचा वाढला, त्यांतील बहुतेकांना वाचविणे शक्य होते.

२. नोंदीचे महत्त्व

कोणाचा दोष वाढेल, हे ठरविण्यास एक चित्र पुरत नाही. मुलाचे वय, सांधे सुजल्याचा पूर्वेतिहास, मागील इको आणि इंजेक्शनांच्या तारखा एकत्र पाहाव्या लागतात. वाणिज्य शाखेच्या वाचकास हे सहज उमगेल : आरंभीची शिल्लक ठाऊक नसल्यास अखेरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. अलीकडे संगणक इकोची चित्रे व जुने कागद पाहून धोक्याचा अंदाज बांधू लागले आहेत. निदान मात्र हृदयरोगतज्ज्ञांनीच करावयाचे असते, आणि तुटक नोंदींवरून संगणकाचाही अंदाज चुकतो.

३. आपल्या परिसराची अडचण

बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. आपल्याकडे हे इंजेक्शन बहुधा दर २१ दिवसांनी देतात. सहा महिन्यांत अशी सुमारे आठ इंजेक्शने चुकू शकतात. शाळेतील तपासणीही त्याच काळात हुकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून मुलांची तपासणी करतो आणि त्याच्या यादीत हा विकार आहे. पण फडावर गेलेले मूल त्या दिवशी वर्गात नसते.

४. करावयाची कामे

झडपेच्या शस्त्रक्रियेस महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो; मात्र धातूची झडप बसविल्यास रक्त पातळ ठेवणारी गोळी आजन्म घ्यावी लागते. त्यापुढे इंजेक्शनाचा खर्च नगण्य आहे.

पालकांना विनंती अशी की, ताप व सांधेदुखीचा कागद फेकू नये. इको अहवाल आणि इंजेक्शन कार्ड कोयत्यासोबत बांधून न्यावे. चौदा अंकी आभा क्रमांक काढल्यास नोंदी अन्य गावीही पाहता येऊ शकतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास आधी सांगावे आणि इंजेक्शन दवाखान्यातच घ्यावे.

विश्वस्त व देणगीदारांना निवेदन असे की, इको यंत्रासाठी देणगी देताना नोंदवही सांभाळणाऱ्या आणि चुकलेल्या तारखेला मुकादमाच्या फोनवरून कुटुंबाचा शोध घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या वेतनाचाही विचार व्हावा. यंत्र धोका दाखवील. पुढील इंजेक्शन मुलापर्यंत हा कर्मचारीच पोहोचवील.