एफ-वन दाबल्यावर काय दिसावं?

मागच्या सेमिस्टरला आम्ही तिघांनी होस्टेल मेसच्या हिशेबाचा प्रोग्रॅम केला. मार्क चांगले पडले, सीडी ऑफिसात दिली आणि सुट्टीला घरी गेलो. पहिल्याच महिनाअखेरीला मेसचे काका खाडे भरायच्या आधीच 'महिना बंद' दाबून बसले. एका अख्ख्या मजल्याची बिलं खाडे न वजा होताच बोर्डावर लागली. दोन दिवस मुलं काकांशी भांडली आणि वर रेक्टरसाहेबांचं बोलणंही काकांनीच खाल्लं. परत आल्यावर मी विचारलं, "काका, हेल्प नाही का बघितलीत?" ते म्हणाले, "बघितली की. तुमची तिघांची नावं होती."

चूक काकांची नव्हती, आमची होती. त्यानंतर मी हेल्प फाइल करायला शिकलो. तेच इथे सांगतो.

आधी थोडा इतिहास. एका मजकुरातून दुसऱ्यात उडी मारता येते अशा लिखाणाला 'हायपरटेक्स्ट' हे नाव टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये दिलं. विंडोजवर ही कल्पना १९९० च्या विंडोज ३.० बरोबर 'विनहेल्प' म्हणून आली. ती फाइल करणं म्हणजे कसरतच. वर्ड प्रोसेसरमध्ये आरटीएफ मजकूर टाइप करायचा, पानाची ओळख, शीर्षक आणि सूचीतले शब्द तळटीपांत लिहायचे. दुव्याच्या शब्दाखाली दुहेरी रेघ मारायची, त्याला चिकटून दुसऱ्या पानाची ओळख लपवलेल्या अक्षरांत ठेवायची आणि मग सगळं कंपायलरला द्यायचं. हा त्रास वाचवायला रोबोहेल्पसारखी सॉफ्टवेअर आली. (रोबोहेल्पची कंपनी २००३ मध्ये मॅक्रोमीडियाने आणि मॅक्रोमीडिया २००५ मध्ये अडोबीने घेतली.) १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एचटीएमएल हेल्प आणली आणि तळटीपा सुटल्या. साधी वेब पानं लिहायची आणि ती दाबून एकाच .सीएचएम फाइलमध्ये बसवायची. पुढे व्हिस्टापासून विंडोजसोबत विनहेल्प दाखवणारा प्रोग्रॅम येणं बंद झालं. सीएचएम मात्र विंडोज ११ वरही उघडते. आता बहुतेक कंपन्या हेल्प इंटरनेटवर ठेवतात, पण ज्या ऑफिसात नेटच नाही तिथे ही एक फाइल पुरते.

आता कृती. 'एचटीएमएल हेल्प वर्कशॉप'मध्ये तीन फाइली महत्त्वाच्या. .एचएचपी ही प्रोजेक्टची. तिच्यात पानांची यादी आणि पहिलं पान कोणतं ते असतं. .एचएचसी म्हणजे डावीकडे दिसणारी अनुक्रमणिका आणि .एचएचके म्हणजे शब्दांची सूची. पानं लिहा, प्रोजेक्टमध्ये घाला, 'कंपाइल' दाबा, सीएचएम तयार. इथपर्यंत अर्ध्या तासाचं काम.

खरं काम पुढे आहे. काका हेल्प मेनूत शोधत बसणार नाहीत. ते जिथे अडले तिथलंच पान उघडलं पाहिजे. आमचा प्रोग्रॅम व्हीबी डॉट नेटमध्ये होता. त्यात 'हेल्प प्रोव्हायडर' नावाचा कंट्रोल मिळतो. त्याला सीएचएमचं नाव द्यायचं, फॉर्मवरच्या प्रत्येक खान्यासाठी 'टॉपिक' निवडायचं आणि पानाच्या फाइलचं नाव लिहायचं. मग कर्सर 'महिना बंद'वर असताना एफ-वन दाबलं की त्याचंच पान समोर येतं.

मी हे सगळं मराठीत करायला गेलो आणि तिथे अडलो. पानं छान दिसली, कारण ती इंटरनेट एक्सप्लोररच्या इंजिनातून दिसतात आणि पानात यूटीएफ-८ लिहिलं की देवनागरी येते. अनुक्रमणिकेत मात्र नुसती प्रश्नचिन्हं! एक रात्र फॉन्ट बदलण्यात घालवली. कारण वेगळंच निघालं. अनुक्रमणिका आणि सूची युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या, म्हणजे एका वेळी एकच कोडपेज वापरणाऱ्या, आणि देवनागरीला विंडोजने तसं कोडपेज कधी दिलंच नाही. म्हणजे फॉन्ट कितीही बदला, उपयोग शून्य. मी डावीकडची अनुक्रमणिका काढूनच टाकली. पहिल्या पानावरच मराठीत दुवे दिले आणि 'अ' ते 'ज्ञ' शब्दसूचीचं एक पान हाताने केलं. पानांच्या फाइलींची नावं मात्र रोमन अक्षरांतच ठेवा.

दुसरा खड्डा असा की फाइल मेलने पाठवली तर कधी उघडते पण पान कोरं दिसतं. तेव्हा फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक' करा. २००५ च्या सुरक्षा अपडेटपासून नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमधूनही सीएचएम नीट उघडत नाही. ती त्या त्या मशीनच्या डिस्कवर कॉपी करा.

शेवटी लिखाणाबद्दल. माझ्या पहिल्या मसुद्यात पानाचं नाव होतं 'मंथ क्लोजिंग मॉड्यूल'. काका म्हणाले, "अरे, मॉड्यूल नको सांगू. मी काय करू ते सांग." मग नाव झालं 'महिना बंद करण्याआधी'. खाली तीनच ओळी: सगळे खाडे भरले का बघा, यादीची प्रिंट काढून मेस सेक्रेटरीची सही घ्या, मग बटण दाबा. चौथी ओळ 'चुकून दाबलं तर' या पानाचा दुवा. ते पान लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की त्यावर लिहिण्यासारखं काहीच नाही, कारण बंद केलेला महिना परत उघडायची सोयच आम्ही केली नव्हती! आधी कोड लिहावा लागला, मग पान.

म्हणून ज्युनियर मंडळींना एकच सांगणं. हेल्प सबमिशनच्या आदल्या रात्री लिहू नका, प्रोग्रॅमसोबतच लिहा. जे पान लिहिता येत नाही, तिथे बहुधा प्रोग्रॅमच अपुरा असतो. आणि लिहून झालं की वापरणाऱ्या माणसाला मशीनपुढे बसवा, स्वतः मागे गप्प उभे राहा. बोलायचं नाही, माउसला हात लावायचा नाही.

या महिन्यात काकांनी एकट्याने महिना बंद केला. बिलं बरोबर लागली, भांडण झालं नाही. मला फोनही आला नाही.