फोटो पाहून काय लिहावे?



१९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन असतो. १८३९ साली याच तारखेला फ्रान्स देशात पॅरिस शहरी फोटो काढायची कृती सर्व लोकांना जाहीर सांगितली गेली. ती कृती दागेर नावाच्या माणसाची होती. तेव्हा एक फोटो उमटायला काही मिनिटे लागत. दागेरने सुमारे १८३८ साली पॅरिसच्या एका मोठ्या रस्त्याचा फोटो काढला. रस्ता वर्दळीचा, पण फोटोत तो ओस पडलेला दिसतो, कारण जे हलत होते ते उमटलेच नाही. कोपऱ्यात एक माणूस मात्र दिसतो. तो बुटाला पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. गुरुजींनी हा फोटो दाखवला तेव्हा तो माणूस आम्हाला लवकर सापडलाच नाही.

त्या दिवशी गुरुजींनी आम्हाला विषय दिला, पाणी. घरातल्या मोबाईलवर आठ दिवसांत एकच फोटो काढून आणायचा. ते सगळे फोटो गुरुजींनी छापून आणले आणि वर्गाच्या भिंतीला लावले. नावे लिहिली नाहीत, फक्त नंबर. प्रत्येक फोटोखाली एक कोरा कागद. त्यावर अभिप्राय लिहायचा. अभिप्राय हा शब्द आम्हाला शाळेच्या शेरेबुकामुळे माहीत होता. पाहुणे येतात, चहा पितात आणि त्यात लिहितात.

माझा फोटो सात नंबरचा. आमची आजी हापशावर पाणी हापसते तो. पहिल्या दिवशी माझ्या कागदावर चौदा वेळा ‘छान’ लिहिलेले होते. मी फार खूश झाले. मग पाहिले तर सगळ्यांच्याच कागदावर ‘छान’. एकाचा फोटो तर नुसते बोट आले होते, त्यालाही छान!

गुरुजींनी सगळे कागद काढून घेतले. म्हणाले, “छान वाचून त्याने उद्या काय करायचं? आधी लिहा, तुमची नजर पहिल्यांदा कुठं गेली. मग लिहा, पाणी कुठं दिसलं. मग एकच गोष्ट सांगा, काय बदलावं.”

दुसऱ्या दिवशी सात नंबरखाली असे लिहिलेले होते : ‘नजर पहिल्यांदा पिवळ्या बादलीवर गेली.’ ‘बाईचे तोंड काळे आले आहे.’ ‘डोक्यातून विजेचा खांब उगवला आहे.’ ‘पाणी दिसले नाही.’ आणि एकाने लिहिले होते, ‘ही आजी पाणी काढते आहे का हापशाला टेकून उभी आहे?’

मला फार राग आला. आमचा हापसा जड आहे. तीस-चाळीस वेळा दांडा मारावा तेव्हा तोटीला पाणी येते. आजी रोज सहा हंडे भरते आणि हा म्हणतो टेकून उभी आहे. त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही.

मधल्या सुट्टीत गुरुजींनी मला फोटोसमोर उभे केले. म्हणाले, “ती किती हंडे भरते हे तुला माहीत आहे. पण ते या कागदावर आहे का?” मी खूप वेळ पाहिले. नव्हते.

तोंड काळे का आले तेही त्यांनी सांगितले. मी फोटो संध्याकाळी काढला होता. सूर्य आजीच्या पाठीमागे होता. मोबाईल समोरचा सगळा उजेड मोजतो. आभाळ फार उजळ असले की तो एकूण उजेड कमी करतो, मग माणूस काळा पडतो. पडद्यावर तोंडाच्या जागी बोट टेकवले तर तो तिथला उजेड मोजतो. सकाळी त्याच जागी उभे राहिले तर सूर्य आपल्या पाठीशी येतो, ते तर सर्वांत सोपे. खांबासाठी दोन पावले बाजूला सरकले की झाले. लांबून फोटो मोठा करून घेऊ नये, आपणच जवळ जावे. आणि मोबाईलची काच आधी पुसावी. आमची काच तेलकट होती, कारण मोबाईल चुलीजवळ असतो.

घरी आल्यावर आजी म्हणाली, “बघू तरी काय काढलंस.” मी दाखवला. तिने फोटो डोळ्याजवळ नेला.

“काय गं, माझं तोंड कुठं हाय ह्यात? आन् फाटका पदर तेवढा नीट आलाय. हे साळंच्या भितीवर लावलंस? मला इचारलंस का?”

मी विचारले नव्हते. पदर फाटलेला मला दिसलाही नव्हता. वर्गातही कोणी तसे लिहिले नव्हते, पण पाहिले असेलच. मी दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी जाऊन तो फोटो काढून आणला.

मग रविवारी सकाळी आजी स्वतःच म्हणाली, चल, आता काढ. तिने दिवाळीचे हिरवे लुगडे नेसले. मी म्हटले, असले लुगडे नेसून कोण पाणी भरते? ती म्हणाली, “फोटू माझा हाय का तुझा?” मी पाच फोटो काढले आणि तिला दाखवून विचारले, यातला कोणता लावू? तिने लुगड्याचा निवडला नाही. जवळून काढलेला निवडला. त्यात तिचे दोन हात दांड्यावर आहेत, बोटे घट्ट आवळलेली, मनगटाची शीर दिसते, आणि खाली तोटीतून पाण्याची धार हंड्यात पडते आहे. तोंड नाहीच. ती म्हणाली, “हात माझंच हायेत, वळखू येत्यात.”

तो फोटो आता सात नंबरला लावला आहे. त्याच्याखाली आतापर्यंत तीन जणांनी लिहिले आहे. ‘पाणी लगेच दिसले.’ ‘दांडा जड आहे असे वाटते.’ ‘हंडा खाली अर्धा कापला गेला आहे.’ तिसऱ्याचे बरोबर आहे. मी आणखी एक पाऊल मागे जायला पाहिजे होते. तो टेकून उभी लिहिणाराच असावा, अक्षर तसेच आहे.

पालकांनो, फोटोंजवळ दोऱ्याला पेन्सिल बांधलेली आहे. तुम्हीही लिहा, फक्त ‘छान’ लिहू नका. शनिवारी आमची आजी येणार आहे. तिला लिहिता येत नाही, म्हणून ती सांगेल तसे मी लिहिणार आहे. ती बाकीच्या फोटोंवरही बोलणार, तिने आधीच सांगून ठेवले आहे.