बिल अडकलं, दाद कुठे मागू?

प्रश्न : मी हिंगणघाटचा लहान सरकारी कंत्राटदार. दोन वर्षांपूर्वी एका शासकीय कार्यालयाची इमारत बांधून दिली. पायव्यात काळी माती खोलवर लागली, म्हणून साइटवरच्या साहेबांच्या तोंडी सांगण्यावरून जादा खोदाई आणि काँक्रीट केलं. फायनल बिलात त्याचे सहा लाख कापले. करारात 'अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय अंतिम राहील' असं कलम आहे. माझी उद्यम नोंदणी आहे, तर एमएसएमई कौन्सिलकडे जाऊ का? इंग्लंडमध्ये असे वाद महिन्याभरात मिटतात म्हणतात, ते खरं का?
– एक वाचक

उत्तर : खरं आहे. तिथल्या १९९६च्या कायद्यानुसार बांधकामाचा वाद अ‍ॅडज्युडिकेटरकडे, म्हणजे तटस्थ निवाडा करणाऱ्याकडे, नेता येतो. त्यानं २८ दिवसांत निर्णय द्यायचा. कोर्टात किंवा लवादात तो फिरेपर्यंत दोघांनी पाळायचा. म्हणजे पैसे आधी, भांडण नंतर. आपल्याकडे असा कायदा नाही. तो व्हायलाच हवा, कारण लहान कंत्राटदार हरून नव्हे, वाट पाहून बुडतो.

कौन्सिलचा मोह साहजिक आहे : ९० दिवसांत निकालाची तरतूद, बँकदराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. पण वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे बांधकामाचं कंत्राट, एमएसएमई कायद्यात बसत नाही, असं नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं, आणि ते प्रकरण आपल्या वर्धा नगरपालिकेचंच होतं. तिकडे वेळ घालवू नका.

अधिकाऱ्याचा निर्णय 'अंतिम' म्हटल्यानं तो लवाद ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये ओडिशाच्या दामोदर दास प्रकरणात हेच सांगितलं. म्हणजे कोर्टाची वाट त्या कलमानं बंद होत नाही. तरी कलमात दाद मागायची मुदत असेल तर ती पाळा, अर्जाची पोच घ्या. मग शासनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस आणि व्यापारी न्यायालयात दावा. तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर त्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे.

सगळा जीव मात्र एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तिकेत, आहे. माहिती अधिकारात तिची प्रत काढा. पायव्याची खोली तिच्या पानावर चढलेली असेल आणि खाली अभियंत्याची सही असेल, तर तोंडी हुकमाची उणीव बरीच भरून निघते. फायनल बिलावर 'हरकतीसह' लिहून सही केली होती का, तेही पाहा.

अशा दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. तुमची दोन गेली आहेत, आणि नुसती स्मरणपत्रं पाठवून ती वाढत नाही. कागद घेऊन याच महिन्यात वकील गाठा.