अष्टपाद : हाडांवाचून आठ हात

ओवे, खारघर, कामोठे या भागात राहणाऱ्यांना पनवेलची खाडी जवळची. तेव्हा या खाडीत अष्टपाद, म्हणजे ऑक्टोपस, सापडेल का, हा प्रश्न साहजिकच मनात येईल. सहसा नाही. त्याच्या शरीरातील द्रवाचा खारटपणा समुद्राच्या पाण्याइतकाच असतो आणि बाहेरचे पाणी गोडसर झाले तर स्वतःला सावरण्याची सोय त्याच्यापाशी नाही. पावसाळ्यात डोंगरावरून उतरलेले पाणी खाडीत मिसळले की ते त्याला मानवत नाही. शिवाय त्याला लपायला कपारी हव्यात. खाडीत तर चिखल आणि तिवरे. मुंबई, रत्नागिरी, मालवणच्या खडकाळ किनाऱ्यांवर मात्र ओहोटीच्या वेळी डबक्यांत तो क्वचित आढळतो.

अष्टपाद हा मासा नव्हे. तो मृदुकाय प्राणी. गोगलगाय व शिंपले यांचा भाऊबंद. मासळीबाजारात मिळणारे माकूल त्याचे आणखी जवळचे नातलग. पुढच्या वेळी बाजारात गेलात तर माकुलाच्या भुजा मोजा: आठ आखूड आणि दोन लांब, एकूण दहा भरतील. अष्टपादाला ती लांब जोडी नसते.

आता त्याच्या भुजेकडे पाहू. आत एकही हाड नाही, तरी ती लांबते, आखडते, ताठ होते. कसे? फुग्यात पाणी भरून तोंड बांधा व मध्येच मुठीत दाबा. फुगा दोन्हीकडे लांबतो, कारण पाणी दाबले जात नाही. आकारमान तेवढेच राहते. अष्टपादाची भुजा म्हणजे स्नायूंचा असाच फुगा. जाडी पाचव्या हिश्शाने घटली, तर छेदाचे क्षेत्रफळ 0.64 पट होते आणि लांबी 1 भागिले 0.64, म्हणजे दीडपटीहून थोडी जास्त होते. हत्तीची सोंड आणि आपली जीभ याच तत्त्वावर चालतात.

भुजांवरील वाटीसारख्या चूषकांविषयी मात्र एक गैरसमज वर्गात हमखास ऐकू येतो: चूषक खडकाला "ओढून धरतो". खरे तर धरून ठेवतो तो बाहेरचा दाब. चूषकाचे स्नायू वाटीची पोकळी वाढवू पाहतात. आतले पाणी सहजी प्रसरण पावत नाही, म्हणून तेथील दाब झपाट्याने उतरतो व बाहेरचे पाणी वाटीला खडकावर दाबून धरते. व्यास 1 सें.मी. धरा. क्षेत्रफळ सुमारे 0.8 चौ. सें.मी. वातावरणाचा दाब दर चौ. सें.मी.ला साधारण 1 किलोग्रॅम वजनाइतका. म्हणजे आतला दाब शून्यावर आला, तर एका चूषकाची पकड सुमारे 0.8 किलोग्रॅम वजनाइतकी. 10 मीटर खोलीवर बाहेरचा दाब दुप्पट, मग ही मर्यादाही दुप्पट! आणि काही जातींत एकेका भुजेवर दोनशेहून अधिक चूषक असतात.

संकट आले की तो धडाच्या पिशवीत घेतलेले पाणी एका नळीतून जोराने बाहेर फेकतो आणि उलट दिशेला सुटतो. न्यूटनचा तिसरा नियम! जाता जाता शाईचा ढगही सोडतो.

त्याला तीन हृदये आहेत: दोन कल्ल्यांसाठी, एक उरलेल्या शरीरासाठी. रक्तात लोहाऐवजी तांबे असलेले द्रव्य असल्याने ते निळसर दिसते. सुमारे 50 कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ दोन तृतीयांश भुजांमध्येच असतात. त्वचेतील रंगपेशींनी क्षणात रंग बदलणारा हा प्राणी स्वतः बहुधा रंगांध आहे, हे मला सर्वांत नवलाचे वाटते.

लहान मुलांना तो जहाजे बुडवणारा राक्षस म्हणून दाखवण्याची हौस चित्रकारांना फार. शिक्षकांनी त्याऐवजी खेकडे खाणारा, बिळात राहणारा लाजाळू शेजारी म्हणून त्याची ओळख करून द्यावी. डबक्यात दिसला तर हात मात्र लावू नये; त्याला पोपटासारखी कठीण चोच असते, आणि निळ्या वलयांच्या चिमुकल्या जातीचे विष माणसाला मारू शकते.

बहुतेक जाती एक-दोन वर्षेच जगतात. मादी कपारीत अंडी घालते, त्यांवर ताज्या पाण्याचा झोत सोडत राहते, आणि या काळात बहुधा काहीच खात नाही. पिले बाहेर पडतात त्या सुमारास ती मरते. पुष्कळ जातींची पिले मग काही आठवडे प्रवाहाबरोबर तरंगत राहतात आणि वाढली की तळ गाठतात.