मीटअपला प्रश्न घेऊन जा

चि. मनू,


तुझ्या आईशी परवा बोलणं झालं. शनिवारी पायथॉनच्या मीटअपला गेलीस, दोन तास बसलीस आणि ‘काही कळलं नाही, आता जाणार नाही’ म्हणालीस, असं ती सांगत होती. फोनवर हे नीट बोलून होणार नाही, म्हणून लिहितो आहे.

समोरचं भाषण डोक्यावरून गेलं याचं वाईट वाटून घेऊ नकोस. बोलणाऱ्याने वर्षभर ज्याच्याशी झटापट केली, ते तो चाळीस मिनिटांत मांडत असतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला ते पहिल्या फटक्यात कळेल कसं? माझी काळजी वेगळी आहे. तू तिथे एकाशीही न बोलता परत आलीस.

मीही हेच केलं होतं. तुझ्याएवढा असताना मी लिनक्सवाल्यांच्या बैठकांना जायचो. डायल-अपवर लिनक्सची एक सीडी उतरवायला रात्रीच्या रात्री लागत, म्हणून लोक सीड्या घेऊन येत आणि एकमेकांना कॉपी करून देत. कुणी स्कूटरवर अख्खा सीपीयू बांधून आणायचा आणि चार जण मिळून त्यावर लिनक्स चढवायचे. मी मात्र सहा महिने शेवटच्या रांगेत टिपणं काढत बसलो. वही भरली, ओळख एकाशीही झाली नाही. मग घरच्या मशीनवर साउंड कार्ड चालेना, तेव्हा नाइलाजाने उठून विचारलं. मी वहीत उतरवून आणलेला एरर दोघांनी चहाच्या टपरीवर वाचला आणि कुठलं मॉड्यूल लोड करायचं ते सांगितलं. ते सहा महिने मला अजून खुपतात.

अशा बैठकांची एक जुनी गोष्ट सांगतो. ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक हौशी माणसं जमली. हीच होमब्रू कॉम्प्युटर क्लबाची पहिली बैठक. ॲपल कंपनीचा एक संस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक त्या बैठकीला होता. चोवीस वर्षांचा, अतिशय बुजरा. तिथे हाती आलेली मायक्रोप्रोसेसरची माहिती घरी नेऊन त्याने वाचली आणि त्यातूनच पुढे ॲपल-१ या कॉम्प्युटरचा आराखडा आकाराला आला. त्या आराखड्याच्या प्रती त्याने क्लबात फुकट वाटल्या. ली फेल्सेनस्टाइन क्लबाच्या बैठका चालवत. त्यांची रीत मला फार आवडते. आधी ज्याला सांगायचं असेल त्याने उभं राहून आपल्याकडे काय आहे आणि आपल्याला काय हवं आहे ते सांगायचं. मग सगळ्यांनी उठून आपापला माणूस गाठायचा. बैठकीचा हा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. तू मात्र भाषण संपताच, नेमकी त्याच वेळी बस पकडलीस.

तेव्हा पुढच्या वेळी अडलेलं काहीतरी बरोबर ने. तुझा तो हॉस्टेलच्या मेसचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम अर्धवट आहे ना, तोच ने. ‘मला पायथॉन शिकायचं आहे’ म्हटलंस तर समोरचा चार पुस्तकं सांगेल आणि वळेल. ‘या ओळीवर हा एरर येतो, मी हे हे करून पाहिलं’ म्हटलंस तर तो खुर्ची ओढून बसेल. टी-शर्ट, स्टिकर, नोकरीची ओळख यांच्यासाठी जाऊ नकोस; असा माणूस तिथे लगेच ओळखू येतो. खुर्च्या लावायला, प्रोजेक्टर जोडायला हात लाव. आयोजकांशी ओळख करून घ्यायला त्याहून सोपी वाट नाही.

खोलीत मुली थोड्या असतील, हे मला ठाऊक आहे. पण म्हणून मागे बसू नकोस. पहिल्यांदा मैत्रिणीला बरोबर घे, परतायची सोय आधी ठरव. आणि कुणी वावगं वागलं तर गप्प राहू नकोस, तिथल्या तिथे आयोजकांना सांग. चांगल्या गटांचे याबाबतचे नियम लेखी असतात. ते आधी वाचून जा.

आणखी एक. आपल्याकडे द्यायला काही नाही असं तुला वाटतं, ते खरं नाही. फायरफॉक्स हा ब्राउझर मराठीत चालतो, तो माणसांनी एकेक वाक्य मराठीत आणलं म्हणून. तुझं मराठी उत्तम आहे. अशा कामाला हात लावायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि ते करता करता मोठे प्रकल्प कसे चालतात तेही दिसतं.

पुढच्या महिन्यात परत जा. आल्यावर मला फोन कर, आणि भाषण कशावर होतं हे राहू दे. तू कुणाला काय विचारलंस ते आधी सांग.

तुझा,
मामा