पुरुषाच्या छातीतली गाठ आणि ‘बायकांची गोळी’



मागच्या महिन्यात ग्रामसंघात आपण स्तनाच्या कॅन्सरवर बोललो. बैठक संपली, सतरंज्या गोळा झाल्या, तरी एक ताई थांबून राहिल्या. हळूच म्हणाल्या, "मॅडम, आमच्या मालकांना हाच झालाय. गोळ्या चालू होत्या. पण औषधवाला बोलला, ही तर बायकांची गोळी. तेव्हापासून घेईनात."

पुरुषाच्या छातीतही बोंडामागे स्तनाचा थोडा भाग असतो, त्यामुळे हा कॅन्सर त्यांनाही होतो. शंभर रुग्णांत साधारण एकच पुरुष, तोही बहुतेक साठीच्या आसपास किंवा पुढे. बोंडाखाली न दुखणारी गाठ, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून पाणी-रक्त येणं, जखम न भरणं. गडीमाणसं हे लाजेनं लपवतात, म्हणून उशीर होतो.

आता गोळीचं. गाठीचा तुकडा तपासला की रिपोर्टात ‘ईआर पॉझिटिव्ह’ असं येतं. ईआर म्हणजे पेशीवरचं एक कुलूप समजा. इस्ट्रोजेन हार्मोन ही त्याची किल्ली. किल्ली लागली की कॅन्सरची पेशी वाढते. इस्ट्रोजेन फक्त बाईच्या अंगात असतं असं आपल्याला वाटतं, पण पुरुषाच्या अंगातही ते थोडं तयार होतं. आणि पुरुषांच्या दहातल्या नऊ गाठींवर हे कुलूप सापडतं, बायकांपेक्षाही जास्त! टॅमोक्सिफेनची गोळी त्या कुलपात काडीसारखी अडकून बसते, किल्ली आत जाऊच देत नाही. त्यानं पुरुषाची बाई होत नाही. गोळी कुलूप बघून देतात.

ती साधारण पाच वर्षं, रोज घ्यावी लागते. अंगातून गरम वाफा येतात, मन उदास होतं, नवरा-बायकोतली इच्छा कमी होऊ शकते. हे डॉक्टरांना सांगायचं, परस्पर गोळी बंद करायची नाही. एक पाय सुजून दुखला किंवा अचानक धाप लागली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा, रक्ताची गुठळी असू शकते. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले योजनेतल्या दवाखान्यात रेशनकार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा.

ताईंनी जाताना विचारलं, "लेकीला सांगू का?" सांगा. काही घरांत हा दोष रक्ताच्या नात्यातून येतो, बापाकडूनही. लेकीनं, आणि लेकानंही, डॉक्टरांना ‘वडिलांना झाला होता’ एवढं सांगितलं तरी ते पुढचं बघतात.