झाडपाला घ्यावा, पण दुखणे लपवू नये



या वेळच्या आरोग्यपाठाचा विषय जरा अवघड आहे. पुरुष तो आपल्या बायकोशीही बोलत नाहीत. मीही दोन वर्षे बोललो नव्हतो.

मुरबे हे खाडीकाठचे मच्छीमारांचे गाव. आसपासच्या पाड्यांवरचे आदिवासी बांधव बोटींवर खलाशी म्हणून जातात. आम्ही औषधांची पेटी घेऊन तिकडे जातो, तेव्हा पन्नाशी ओलांडलेले एक खलाशी दर वेळी कंबरदुखीची गोळी मागत. एकदा मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "दादा, मला तर खाली, बैठकीच्या जागी दुखायचं. लघवीलाही जळजळायचं." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझं पण तेच. वरीस झालं. सराट्याचा काढा घेतो."

दुखते ते काय?

पुरुषांच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. लघवीची नळी तिच्यामधून जाते. ओटीपोटात किंवा बैठकीच्या जागी तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत राहिले, तर त्याला जुनाट दुखणे म्हणतात. अशा दहांपैकी नऊ जणांच्या लघवीत जंतू सापडत नाहीत. मात्र उरलेल्यांना जंतुसंसर्ग असू शकतो. कुणाची ग्रंथी वाढलेली असते, कुणाला मुतखडा असतो आणि क्वचित कर्करोग किंवा क्षयही निघतो. वरून दुखणे सारखेच वाटते, म्हणून आधी तपासणी हवी.

झाडपाल्याने काय होते?

सराटा म्हणजे गोखरू. गोखरू, घेटुळी (पुनर्नवा) आणि वायवर्णा या वनस्पती आयुर्वेदात मूत्रविकारांवर फार पूर्वीपासून वापरल्या जातात. आपल्या पाड्यांवरचे हे ज्ञान टाकाऊ नाही. हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला यशयानेच सांगितले होते. पण यांपैकी काही काढ्यांनी लघवी जास्त होते. वाटच अरुंद असेल, तर साठा वाढून त्रासही वाढतो.

काही वनस्पतिजन्य औषधांची नीट परीक्षा झाली आहे. कांद्यात आणि सफरचंदात क्वेर्सेटिन नावाचे द्रव्य असते. १९९९ साली अमेरिकेत असे दुखणे असलेल्या ३० पुरुषांवर त्याचा प्रयोग झाला. रोज दोनदा ५०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ६७ टक्क्यांना महिनाभरात बरा फरक पडला. नुसती नकली गोळी घेणाऱ्यांपैकी २० टक्क्यांना. प्रयोग लहान होता. शिवाय १०० ग्रॅम कांद्यात हे द्रव्य साधारण २० ते ४० मिलिग्रॅमच असते, त्यामुळे कांदा खाऊन तेवढी मात्रा पोटात जात नाही. २००९ साली जर्मनीत फुलांच्या परागकणांचा अर्क १३९ पुरुषांवर तपासला गेला. बारा आठवड्यांत वेदना नकली औषधापेक्षा अधिक कमी झाल्या. उलट, जाहिरातीत गाजलेला सॉ पाल्मेटो या ताडाचा अर्क. २००६ साली वाढलेल्या प्रोस्टेटच्या २२५ रुग्णांना तो वर्षभर देऊन पाहिला, तेव्हा तो नकली गोळीपेक्षा सरस ठरला नाही.

दोन झाडांपासून सावध

धोतरा पोटात घेऊ नये. त्याने लघवी अडकू शकते आणि जिवावरही बेतते. सापसंदही घेऊ नये. त्यातील विष मूत्रपिंडे निकामी करते आणि कर्करोगही आणते. "झाडपालाच आहे, अपाय काय होणार?" असे कुणी म्हणाले, तर ही दोन नावे सांगा.

घरी करण्यासारखे

तपासणीत गंभीर काही निघाले नाही, तर घमेल्यात सोसवेल इतके गरम पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसावे. लघवी तुंबवून ठेवू नये. दारू, जास्त तिखट आणि सारखा चहा टाळावा. कठीण जागी तासन्‌तास बसू नये. जाळी विणताना मध्ये मध्ये उठावे. काढा घेत असाल, तर डॉक्टरांना तसे सांगावे.

लघवी बंद झाली, लघवीतून रक्त आले, थंडी वाजून ताप आला किंवा वजन उतरू लागले, तर घरी थांबू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

त्या खलाशीदादांना आम्ही रुग्णालयात नेले. त्यांची ग्रंथी वाढली होती आणि लघवी पूर्ण बाहेर न पडता आत साठत होती. आणखी उशीर झाला असता, तर मूत्रपिंडांवर ताण आला असता. आता त्यांना गोळ्या चालू आहेत. काढा बंद आहे. माझ्या तपासणीत मात्र काहीच निघाले नव्हते. मला गरम पाण्याने आणि उठण्याबसण्याच्या सवयी बदलल्याने उतार पडला. दुखणे दोघांचे सारखे, कारणे वेगळी. हे आम्हाला काढा पिऊन कळले नसते.

वाचकहो, पाड्यावरच्या माणसाला तपासणीसाठी जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडेही लागते. आपल्या मदतीतून तो खर्च भागतो, त्याबद्दल आभार. पण आणखी एक मदत बिनपैशाची आहे. आपल्या घरात, मंडळीत कुणी वडीलधारे रात्री चार-पाच वेळा उठत असतील, तर त्यांच्याजवळ बसा आणि आपणच विषय काढा. मी माझे दुखणे सांगितले, तेव्हाच दादांनी त्यांचे सांगितले.